वेषाला मान, व्यक्तीला ओसरी : आधुनिक मराठी रंगभूमीसंबंधी एक विचार

१

एखाद्या शहराची रंगभूमी समलिंगी व तृतीयपंथी माणसांना आपली वाटते किंवा नाही, हा प्रश्न अलीकडे वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर देताना बहुधा सभागृहांची, महोत्सवांची आणि संस्थांची नावे सांगितली जातात. अशा यादीचे व्यावहारिक मूल्य आहेच. परंतु नाट्यसमीक्षेला ती पुरेशी नाही, कारण सभागृहाचे दार उघडे असणे आणि नाटकात जागा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीची नोंद व्यवस्थापक ठेवू शकतो. दुसरीची परीक्षा मात्र संहिता वाचून आणि प्रयोगाचा विचार करूनच करावी लागते. प्रस्तुत लेखाचा विषय ही दुसरी गोष्ट आहे. मराठी रंगभूमीने पुरुषाच्या स्त्रीवेषाला जो मान दिला, तो ज्याचे मन आणि देह रूढ चौकटीत बसत नाहीत अशा व्यक्तीला दिला काय, असा हा प्रश्न आहे. त्याच्या उत्तरासाठी विजय तेंडुलकर यांचे 'मित्राची गोष्ट', सतीश आळेकर यांचे 'बेगम बर्वे' आणि चेतन दातार यांचे 'एक माधवबाग' ही तीन नाटके विचारात घेतली आहेत.

या विचाराला भायखळा हे स्थान सोयीचे आहे. येथून पश्चिमेस कामाठीपुरा ओलांडला की ग्रांट रोडचा जुना नाटकगृहांचा भाग लागतो. नैर्ऋत्येस संगीत नाटकाच्या रसिकांचे गिरगाव, तर उत्तरेस तमाशाला आश्रय देणारे लालबाग-परळ. जगन्नाथ शंकरशेट यांच्या पुढाकाराने ग्रांट रोडवर नाट्यगृह उभे राहिले आणि तेथे १८५३ मध्ये विष्णुदास भावे यांनी आपल्या मंडळीसह प्रयोग केले. राणीच्या बागेतील ज्या वस्तुसंग्रहालयास आज डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे, त्याच्या उभारणीतही शंकरशेट यांचा वाटा होता. त्याच बागेच्या परिसरातील नाट्यगृहाला लोकशाहीर अण्णा भाऊ साठे यांचे नाव आहे. अण्णा भाऊ बालपणी वडिलांबरोबर वाटेगावहून पायी मुंबईस आले, ते भायखळ्यातच राहिले. म्हणजे अभिजनांचे नाटक आणि कामगारांचे लोकनाट्य या दोन्ही परंपरांची स्मृती येथे एका आवारात नांदते. त्या दोन्ही परंपरांत पुरुषाने स्त्रीचे रूप घेतलेले आहे, आणि येथून हाकेच्या अंतरावर असलेल्या कामाठीपुऱ्यात तृतीयपंथीयांची वस्तीही पिढ्यान्‌पिढ्या आहे. रंगमंचावरील रूप आणि वस्तीतील माणूस यांत भौगोलिक अंतर फारसे नव्हते. जे होते ते अंतर दुसऱ्या प्रकारचे होते.

२

पुरुषाने स्त्रीची भूमिका करणे ही केवळ मराठी रंगभूमीची विशेषता नव्हे. एलिझाबेथकालीन इंग्लंडात मुलगे नायिका होत असत. जपानमध्ये १६२९ मध्ये स्त्रियांना काबुकीच्या मंचावर बंदी झाली आणि पुढे स्त्रीभूमिका करणाऱ्या नटांची स्वतंत्र परंपराच तेथे निर्माण झाली. मुंबईतही गुजराती रंगभूमीवर जयशंकर भोजक यांनी 'सुंदरी'ची भूमिका अशी वठविली की ते नाव त्यांना आयुष्यभर चिकटले. मराठीत या परंपरेचे शिखर म्हणजे बालगंधर्व. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर मंडळीत आले आणि १९१३ मध्ये त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालीवाला थिएटरात 'संयुक्त मानापमाना'चा प्रयोग झाला. त्या वेळी केशवराव भोसले यांच्या धैर्यधरासमोर बालगंधर्वांची भामिनी उभी राहिली. त्यांची नेसण, त्यांचे दागिने व त्यांची चाल यांचे अनुकरण कुलीन घरांतील स्त्रियांनी केले, हे सर्वश्रुतच आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. स्त्रीपार्टी नटाच्या कौशल्यावरून त्याच्या खाजगी प्रवृत्तीचा तर्क करणे हे संशोधन नव्हे. ती कुजबूज होय. तो काळ स्त्रियांना मंचाचा मज्जाव करणारा होता आणि त्या मज्जावातून ही कला जन्मली. तिचा विचार कला म्हणूनच व्हावयास हवा. परंतु तसा विचार करतानाही प्रेक्षकांविषयी एक प्रश्न उरतोच. भामिनीच्या लाजण्यावर लुब्ध होणाऱ्या प्रेक्षकाला पडद्यामागे पुरुष आहे हे ठाऊक होते, आणि ते ठाऊक असूनही, किंबहुना ते ठाऊक असल्यामुळेच, तो निःशंक होता. वेष हा करार होता. त्या करारान्वये दोन पुरुषांमधील शृंगार सभ्य कुटुंबासमवेत पाहता येई, कारण त्याला शृंगार म्हणावयाचे आणि त्यातील पुरुष मोजावयाचे नाहीत असे प्रेक्षागृहात ठरलेले होते. ज्या शासनाने १९६४ मध्ये बालगंधर्वांना पद्मभूषण दिले, त्याच्याच दंडसंहितेत १८६० पासूनचे कलम ३७७ कायम होते. वेषाचा गौरव आणि देहाला शिक्षा यांत कोणालाही विसंगती वाटली नाही. करार मोडला नव्हता, म्हणून ती वाटण्याचे कारण नव्हते.

लोकरंगभूमीवर हाच करार निराळ्या रीतीने झाला. पवळाबाई हिवरगावकर तमाशात आल्या, त्यापूर्वी स्त्रीचे सोंग नाच्या पोऱ्या आणीत असे. स्त्रिया आल्यावर नाच्या नाहीसा झाला नाही. मात्र त्याची नायिकेची जागा गेली आणि तो हशाचा धनी झाला. गवळणीतील मावशीही पुरुषच. ती कृष्णाला अडवते, पेंद्याशी हुज्जत घालते आणि लोकांना खदखदून हसविते. गिरगावात ज्या रूपाला पूजा मिळाली, त्याच रूपाला लालबागच्या हनुमान थिएटरात टाळी आणि टिंगल एकाच वेळी मिळाली. हा भेद वर्गाचा आणि जातीचाही आहे. एकाच कृतीला एका मंचावर 'कला' म्हटले गेले आणि दुसऱ्या मंचावर 'चाळा'. ही गोष्ट नाट्येतिहासात स्वतंत्र प्रकरणाच्या योग्यतेची आहे.

अण्णा भाऊंनी १९४४ मध्ये अमर शेख व गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे केले आणि तमाशाला लोकनाट्याचे रूप दिले. त्यांनी गणाचा आशय बदलला व गवळण वगळली. कामगाराच्या आणि दलिताच्या प्रतिष्ठेसाठी ते आवश्यकच होते, आणि स्त्रीला थट्टेचा विषय करणारा भाग गेला याचा खेद कोणी करू नये. तथापि गवळणीबरोबर मावशीही गेली. तिच्यातला पुरुष, ज्याला हसू देऊन का होईना मंचावर उभे राहता येत होते, तो लोकनाट्यात दुसऱ्या कोणत्याही नात्याने परतला नाही. सुधारणेने अप्रतिष्ठेची जागा काढून घेतली. प्रतिष्ठेची जागा निर्माण करणे तिच्या कार्यक्रमात नव्हते.

३

१९३३ मध्ये नाट्यमन्वंतराच्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या आणि वास्तववादी रंगभूमीचा पाया घातला गेला. स्त्रीवेषाचा करार त्या दिवसापासून हळूहळू संपुष्टात आला. आता जे पात्र दिसते तेच ते आहे, असे मानावयाचे होते. अशा रंगभूमीवर समलिंगी व्यक्ती आली तर ती वेषाच्या आडोशाविना यावयास हवी. ती येण्यास पुढे जवळजवळ अर्धे शतक लागले. १९८१ मध्ये तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' विनय आपटे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आले. सुमित्रा देव ऊर्फ मित्रा ही भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली.

नाटकाची कथा स्वातंत्र्यपूर्व काळातील महाविद्यालयीन जगात घडते. बापू नावाचा भिडस्त विद्यार्थी ती सांगतो. मोकळी, धीट, पुरुषी ढंगाची मित्रा त्याला आपलेसे करते आणि पुढे एक गुपित सांगते : पुरुषाविषयी तिला ओढ नाही, ही जाणीव असह्य होऊन तिने जीव देण्याचा प्रयत्न केला होता. महाविद्यालयाच्या नाटकात मित्रा पुरुषाची भूमिका करते, नायिका होते नमा देशमुख, आणि मित्रा नमाच्या प्रेमात पडते. नमाचा प्रियकर मन्या दळवी पिच्छा पुरवतो. बापू दोघींच्या भेटींसाठी आपली खोली देतो, बदनामी सोसतो आणि अखेर मित्राचा हात सोडतो. मित्रा एकाकी होत होत आत्महत्या करते.

या कथेतील नाटकातले नाटक ही केवळ प्रसंगयोजना मानली तर तेंडुलकरांवर अन्याय होईल. मित्राला आपले प्रेम प्रथम वेषात सापडते. पुरुषाची भूमिका करणाऱ्या स्त्रीने नायिकेकडे प्रेमाने पाहावे, ही रंगमंचाची मागणी असते आणि मित्रा ती मनापासून पुरी करते. टाळ्याही पडतात. म्हणजे जुन्या रंगभूमीचा तो करार येथे उलट्या दिशेने अवतरतो. भामिनीच्या जागी नायक आहे आणि वेषामागे पुरुषाऐवजी स्त्री आहे. फरक एवढाच की पडदा पडल्यावर मित्रा वेष उतरवते, भाव उतरवीत नाही. करार मोडला जातो तो येथे. त्यानंतर नाटकात जे घडते, ते समाज करारभंगाचा दंड कसा वसूल करतो याचे चित्र आहे. मराठी रंगभूमीने आपल्याच इतिहासावर केलेले इतके कठोर भाष्य दुसरे क्वचितच असेल.

नाटकाच्या नावाकडेही लक्ष द्यावयास हवे. 'मित्राची' हे षष्ठीचे रूप मित्रा या स्त्रीनामाचे होते तसेच मित्र या पुल्लिंगी नामाचेही होते. रूप एकच, लिंगे दोन. मराठीत क्रियापदापासून विशेषणापर्यंत जवळजवळ सर्वत्र लिंग उच्चारावे लागते, आणि येथे भाषेच्या एका सांदीत ते अनिश्चित राहिले आहे. मित्रा जगात जी जागा शोधते आणि जी तिला मिळत नाही, ती व्याकरणाने तिला शीर्षकात दिली आहे. शिवाय ही गोष्ट मित्राची तशीच मित्राने, म्हणजे बापूने, सांगितलेली आहे. आणि हीच या नाटकाची शक्ती व मर्यादा होय. प्रेक्षक मित्राला बापूच्या डोळ्यांनी पाहतो. बापूची सहानुभूती खरी आहे, तिची दमछाकही खरी आहे. आणि तिचा अंत झाला की मित्राचा अंत होतो. नाटकाचा खरा नायक ती सहानुभूतीच होय, असे म्हणावयास हरकत नाही. मित्रा स्वतः आपली गोष्ट सांगती, तर तिचा शेवट हाच झाला असता काय, हे संहितेबाहेर राहते. तिला मरण देणे हे तत्कालीन वास्तवाशी प्रामाणिक असेल. परंतु समलिंगी पात्राने मरूनच प्रेक्षकाची करुणा मिळवावी, हा संकेतही या नाटकाने दृढ केला, हे नाकारता येत नाही.

४

'बेगम बर्वे' हे नाटक याच्या दोन वर्षे आधीचे, १९७९ मधील. पुण्याच्या थिएटर अकॅडमीने आळेकरांच्या दिग्दर्शनाखाली ते सादर केले आणि चंद्रकांत काळे यांनी बर्वे साकारला. कालक्रम सोडून ते येथे नंतर घेण्याचे कारण असे की, 'मित्राची गोष्ट' जेथे थांबते तेथून त्याचा विचार पुढे जातो. संगीत नाटकांत किरकोळ स्त्रीभूमिका केलेला बर्वे आता श्यामरावाच्या ताब्यात आहे आणि उदबत्त्या विकून पोट भरतो. नायिका होण्याची त्याची आस कधीच पुरी झाली नाही. जावडेकर आणि बावडेकर या दोन ब्रह्मचारी कारकुनांच्या मनात कचेरीतील नलवडेबाई घोळत असतात. त्यांचे दिवास्वप्न आणि बर्वेचे स्वप्न एकमेकांत मिसळते. बर्वे नलवडेबाई होतो, त्याचे जावडेकराशी लग्न लागते, त्याला दिवस जातात. आणि श्यामराव त्याला ओढून पुन्हा जुन्या जगात नेतो.

या नाटकावरील समीक्षेने बर्वेला बहुतांशी प्रतीक मानले आहे. तो मध्यमवर्गाच्या गतकातर वृत्तीचे, संगीत रंगभूमीच्या अस्ताचे आणि वांझ स्वप्नांचे प्रतीक होय, असे प्रतिपादन पुष्कळदा केले जाते. ते चूक नाही. नाट्यपदांचा आळेकरांनी केलेला उपयोग त्या अर्थाला पुष्टीच देतो, आणि दोन कारकुनांची निष्फळता हा तर विनोदाचाच भाग आहे. परंतु प्रतीकाच्या मागे लागताना एक साधी गोष्ट निसटते. बर्वेला स्त्री व्हावयाचे आहे. साडी नेसण्याइतकीच त्याची इच्छा मर्यादित नाही. लग्न, घर आणि मूल येथपर्यंत ती जाते. कारकुनांना नलवडेबाई हवी आहे, ती मिळाली नाही तरी त्यांची नोकरी आणि नाव शाबूत आहे. बर्वेचे मात्र स्वप्नापलीकडे काहीच नाही. दोन्ही स्वप्ने एकत्र मिसळली तरी त्यांचे मोल समान नव्हे. जी समीक्षा दोहोंना 'वांझ' या एकाच विशेषणाने मोजते, ती बर्वेच्या देहाला संस्कृतीच्या रूपकात विरघळवून टाकते. जुन्या प्रेक्षकाने वेष पाहिला आणि पुरुष मोजला नाही. नव्या समीक्षकाने प्रतीक पाहिले आणि माणूस मोजला नाही. पद्धत निराळी, परिणाम एकच.

यावर असा आक्षेप संभवतो की, आळेकरांचा हेतूच प्रतीकात्मक होता आणि बर्वेला आजच्या तृतीयपंथी अथवा पारलिंगी जाणिवेचा प्रतिनिधी ठरविणे हा कालविपर्यास होय. आक्षेपाचा पहिला भाग मान्य केला तरी दुसरा सिद्ध होत नाही. लेखकाच्या हेतूने पात्राची मर्यादा ठरत असती, तर समीक्षेला काही कामच उरले नसते. शिवाय शीर्षकातच 'बेगम' आणि 'बर्वे' यांची जी सांगड आहे, ती केवळ विनोदासाठी नाही. एक शब्द दरबारी मुसलमानी वैभवाचा, दुसरा कोकणस्थ घराचा. मधली जागा कोणाचीच नाही. त्या जागेवर उभ्या असलेल्या माणसाची वेदना संहितेत आहे, आणि जे संहितेत आहे ते वाचणे हा कालविपर्यास होत नाही. बर्वेला मित्रासारखे मरण येत नाही, हेही महत्त्वाचे आहे. त्याला पुन्हा उदबत्त्या विकावयाच्या असतात. शोकात्मिकेचा दिलासादेखील आळेकर त्याला आणि आपल्यालाही देत नाहीत.

५

चेतन दातार यांचे 'एक माधवबाग' हे नाटक वेगळ्या वळणाचे आहे. दातार हे 'आविष्कार'च्या समांतर परंपरेतले नाटककार-दिग्दर्शक. २००८ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले. माधवबाग हे सी. पी. टँकजवळचे, जुन्या मुंबईला परिचित असलेले ठिकाण. नाटकात एकच पात्र बोलते, ते आईचे. मुलाची रोजनिशी तिच्या हाती येते आणि तो समलिंगी आहे हे तिला कळते. मोना आंबेगावकर यांनी या संहितेचे अनेक ठिकाणी वाचन-प्रयोग केले. मराठीबाहेरील प्रेक्षकांपर्यंत ती गेली ती प्रामुख्याने त्यांच्यामुळे.

वरवर पाहता येथेही समलिंगी व्यक्ती अनुपस्थितच आहे. मित्राची गोष्ट बापू सांगतो, तशी मुलाची गोष्ट आई सांगते. परंतु दोन निवेदकांत मूलभूत फरक आहे. बापू मित्र आहे. मैत्री सोडता येते आणि तो ती सोडतो. आईला ती वाट नाही. म्हणून बापूच्या निवेदनात पश्चात्ताप आहे, तर आईच्या निवेदनात शिक्षण आहे. मुलगा बदलावयाचा नसतो. ऐकणारीला बदलावयाचे असते. शिवाय रोजनिशी हे साधन दातारांनी विचारपूर्वक निवडले असावे. तीत मुलाचे शब्द मुलाचेच राहतात. आई ते वाचते, त्यांना अडखळते, पण त्यांच्या जागी स्वतःचे शब्द घालू शकत नाही. मराठी नाटकात समलिंगी व्यक्तीची भाषा येथे, दुसऱ्याच्या मुखातून का होईना, प्रथम पुरुषात ऐकू येते. घरही येथे महत्त्वाचे आहे. मित्राला भेटण्यासाठी दुसऱ्याची खोली लागत होती. दातारांनी प्रश्न सरळ घरात आणून ठेवला आहे. तो ओसरीवर थांबत नाही.

या नाट्यकृतींच्या भोवतीचे जग दरम्यान बदलले. १६ ऑगस्ट २००८ रोजी ऑगस्ट क्रांती मैदानापासून गिरगाव चौपाटीपर्यंत मोर्चा निघाला. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने कलम ३७७ ची व्याप्ती मर्यादित केली. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांच्या ओळखीस मान्यता मिळाली आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर गेले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी विवाहाचा हक्क मात्र नाकारला गेला. कायद्याने गुन्हा काढून घेतला. घर देण्याचे काम त्याने केलेले नाही. रंगभूमीचे कार्य नेमके येथून सुरू होते.

लोककलेच्या बाजूसही हालचाल आहे. 'बिन बायकांचा तमाशा' या नावाने पुरुष कलावंतांनी लावणी सादर केली. अभिना आहेर यांनी स्थापन केलेल्या 'डान्सिंग क्वीन्स' या पथकाद्वारे तृतीयपंथी कलावंत नृत्याच्या मंचावर स्वतःच्या नावाने उभे राहिले. हे प्रयोग नाट्यदृष्ट्या नेहमीच परिपूर्ण असतात असे नाही. तथापि नाच्याला जी गोष्ट शतकभर मिळाली नाही, ती येथे मिळते : वेष उतरविल्यावरही तेच नाव आणि तीच ओळख. करार बदलण्याची ही सुरुवात होय.

६

या विवेचनातून जो निष्कर्ष निघतो तो थोडक्यात असा. मुंबईच्या रंगभूमीने वेषाला आरंभापासून मान दिला. व्यक्तीला मात्र तिने फार काळ ओसरीवरच बसविले. 'मित्राची गोष्ट'मध्ये व्यक्ती घरात आली, परंतु जिवंत बाहेर पडली नाही. 'बेगम बर्वे'मध्ये ती जिवंत राहिली, परंतु प्रतीकाच्या वस्त्रात गुंडाळली गेली. हे गुंडाळणे नाटकापेक्षा समीक्षेने अधिक केले. 'एक माधवबाग'मध्ये तिची भाषा घरात पोचली. मंचावर ती स्वतः अजून आलेली नाही. हा क्रम प्रगतीचा आहे असे सरसकट म्हणणे धाडसाचे ठरेल, कारण तिन्ही नाटकांत निवेदन अथवा स्वप्न दुसऱ्या कोणाचे तरी आहे.

अभ्यासकांपुढे यातून दोन कामे उभी राहतात. पहिले, नाच्या व मावशी यांच्या परंपरेचा विचार स्त्रीपार्टी नटांच्या परंपरेबरोबर एकाच चौकटीत व्हावयास हवा. गिरगावचा इतिहास लिहिला गेला, लालबागचा आठवणींत विखुरलेला आहे, आणि ज्यांना या आठवणी आहेत अशी माणसे दिवसेंदिवस कमी होत आहेत. ते काम पुढे ढकलण्यासारखे नाही. दुसरे, समलिंगी पात्र असलेल्या संहितेची परीक्षा करताना पात्राविषयी किती कळवळा वाटला, एवढ्यावर थांबू नये. बोलण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे विचारावे. कळवळ्याने बापूला रडू आले आणि मित्रा मेली. रंगभूमी खऱ्या अर्थाने स्नेहशील झाली असे म्हणण्यापूर्वी, मित्राने स्वतःच्या तोंडून सांगितलेली गोष्ट आपण ऐकली आहे काय, याचे उत्तर द्यावे लागेल.